फोनवर आधी नाव सांगावं

ये अशी, जवळ बस. फोन उचलत नाहीस, निदान लिहिलेलं तरी वाच. तू माझ्या धाकट्या बहिणीची लेक, तुला मी रागवायचं नाही तर कुणी रागवायचं? लग्न होऊन नाशकाला गेलीस ती गेलीस. नंबर बदललास, कळवलं नाहीस. आणि एवढ्या दिवसांनी फोन केलास तर काय म्हणालीस? "मावशी, ओळखलं का?" अगं बाई, नाव सांगायला काय जातं गं तुझं?

तू म्हणशील, चुकली ही आणि वर मलाच बोलते. ऐक तर आधी.

आमच्या बायकांचा गट आहे ना गावात, कुरडया, पापड, बाजरीच्या खारोड्या करणारा, त्यात मी पहिल्यापासून. पण गुडघे गेले आणि खाली बसवेना. मग घरी बसून सुनेला लसूण सोलून देत होते. अशात गटाची अध्यक्षीण वस्तीवर आली, ऑर्डरचा मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, तुमाला बोलायची लई हौस. आता घरी बसून बोला, गटाच्या कामाचं बोला." तिची सून म्हणाली, "आजीचं वर्क फ्रॉम होम!" सगळ्या हसल्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी भाकर गोड लागली. लसूण सोडून दुसरं काहीतरी हातात आलं होतं.

पण या कामात डोक्याला किती ताप आहे, ते कुणी सांगितलं नव्हतं.

घर पत्र्याचं, आत रेंज नाही. रेंज गोठ्यामागं, पाण्याच्या टाकीपाशी. तिथं खुर्ची टाकायची आणि सावली सरकेल तशी सरकवायची. समोरून कारखान्याचा रस्ता. सीझन लागला की उसाचे ट्रॅक्टर जातात, त्यांच्यावर ही मोठी गाणी. ट्रॅक्टर गेला की म्हैस ओरडते, म्हैस थांबली की सून ओरडते, "आई, चहा निवला!" आणि पलीकडून एखादा म्हणतो, "घरात कुणी माणूस हाय का? त्याच्याकडं द्या फोन." मी काय भोपळा आहे?

तेही सोसलं. पण "ओळखलं का" सोसवत नाही. आपल्याकडं फोनवर नाव सांगितलं की माणूस परका झाला. आवाजावरून ओळखायचं! फोनमध्ये नातवानं नावं घालून दिलीत, पण माणसं बोलतात कधी पोराच्या फोनवरून, कधी शेजाऱ्याच्या. कोपरगावचं एक जुनं गिऱ्हाईक, त्याला मी सरळ विचारलं, "कोण बोलतंय?" तर भडकलाच. "इतकी वर्षं माल नेतोय, आता आमाला नाव सांगावं लागायचं व्हय?" फोन ठेवला आणि अध्यक्षिणीला लावला.

ती आली. म्हणाली, "काकू, माणूस तोडू नका. आधी ओळखलं म्हणायचं, मग घरचं विचारत विचारत काढून घ्यायचं कोण हाय ते." तिच्यामागं उभी असलेली एक पोरगी कुजबुजली, "कानांचं असंल तर फोन दुसऱ्या कुणाला द्या की." कानांचं असतं तर मला ते ऐकू आलं असतं का? पण मी गप्प बसले. फोन गेला की परत लसूण.

तेव्हापासून मी म्हणायला लागले, "ओळखलं की!" मग विचारायचं, पाऊसपाणी कसं, उसाला तोड आली का, आई बरी हाय ना. त्यावरून गाव काढायचं, गावावरून घर. आणि मला मावशी तर आता सगळंच जग म्हणतं. कुणाची मावशी आहे, ते माझं मलाच कळेनासं झालंय.

त्या सकाळी तुझा फोन आला तेव्हा समोरून दोन ट्रॅक्टर एकामागं एक चाललेले. आवाज ओळखीचा वाटला होता गं. पण दिवसभर सगळेच आवाज ओळखीचे वाटतात, तेच तर दुखणं आहे.

"मावशी, ओळखलं का?"

"ओळखलं की! बोल, काय पाठवू?"

तू म्हणालीस, "मावशी, मला सातवा लागलाय."

"अरे वा! मग डोहाळजेवणाचं सांग. गव्हाच्या कुरडया संपल्यात, तांदळाच्या देते. किती माणूस हाय जेवायला?"

तू काहीच बोलेनास. मला वाटलं गिऱ्हाईक हिशेब करतंय. म्हणून आपलं घर काढायला विचारलं, "आई बरी हाय ना तुझी?"

फोन कट.

मी शिव्या दिल्या त्या रेंजला. मोबाईल टाकीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

दुपारी तुझ्या वडिलांचा फोन माझ्या मुलाच्या मोबाईलवर आला. "अक्का, पोरीनं फोन केल्ता तुमाला. तिला तुमी कुरडया इकत हुता?" आणि मग हळूच म्हणाले, "आईचं का इचारलं वो तिला?"

माझ्याच बहिणीला जाऊन दुसरं वर्ष लागलंय, आणि तिच्याच लेकीला मी… सून म्हणाली, "आई, बसा खाली." मी म्हटलं, बसलेलीच तर असते मी दिवसभर, बसून बसूनच हे झालं.

तेव्हापासून तुला फोन लावतेय. वाजतो आणि बंद होतो. तुझाही राग बरोबर आहे. पण पोरी, तू नुसतं तुझं नाव घेतलं असतंस ना, तर ट्रॅक्टर मेला असता माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षिणीला बोलावून सांगून टाकलं, "मी आता पहिल्यांदा नाव विचारणार. चालत नसंल तर हा तुझा फोन घे." ती फोनकडं बघत बसली, मग म्हणाली, "राहू द्या काकू. बघू." अजून बघतेच आहे. गटातल्या पोरी हसतात, हसू देत. परवा त्या कोपरगाववाल्याचा पुन्हा फोन आला. "काय मावशी, ओळखलं का?"

"न्हाई ओळखलं. नाव सांगा, मग खारोड्या."

फुरंगटून सांगितलं त्यानं, बापाच्या नावासकट.

तर आता तू ये. माहेरची ओटी आईनं भरायची असते, ती नाही, तर मी आहे, माझ्या गुडघ्यांसकट आहे. मलाच नाशकाला यायला सांगू नकोस, एसटीची पायरी चढवत नाही. हिरवी साडी आणून ठेवलीय. गव्हाच्या कुरडया संपल्यात म्हटलं होतं ना, त्या गिऱ्हाइकाला. घरच्या डब्यात आहेत, तुझ्या आईला आवडायच्या तशा पातळ. तू येशील त्या दिवशी मोबाईल अध्यक्षिणीच्या घरी पाठवून देईन, वाजू दे तिकडं.

आठवा लागला की प्रवास नको म्हणतात. त्याच्या आत ये. आणि दारातून "ओळखलं का" म्हणून ओरडू नकोस. गप आत ये आणि माझ्यासमोर उभी राहा.