वहिनींचं वायरिंग

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे. त्याच्या पाटीवर नाव मिस्त्रींचं असलं, तरी निम्मे लोक दारातूनच विचारतात, "वहिनी आहेत का?" मिस्त्री समोरच उभे असतात. ते आत बघून म्हणतात, "गिऱ्हाईक आलंय तुझं." यात राग नसतो आणि कौतुकही नसतं. ऊन पडलंय म्हणावं, तसं ते म्हणतात.

नवराबायकोची वाटणी फार जुनी आहे. दिवा लागत नाही, हॉर्न आपोआप वाजतो, काच अर्ध्यावर अडकते, अशा तक्रारी वहिनींच्या. इंजिन मिस्त्रींचं. वहिनी लग्नाआधी एका कारखान्यात टेलिफोनच्या यंत्रांसाठी तारांचे जुडगे बांधायच्या. मेण लावलेल्या दोऱ्यानं, ठरावीक अंतरावर गाठ मारत, वेणी घालावी तशी तार बांधायची. ती सवय अजून गेलेली नाही. वहिनींनी वायरिंग केलेली गाडी उघडली की आत डोकं विंचरून भांग पाडलेला दिसतो. प्रत्येक जोड दिल्यावर तार चिमटीत धरून एकदा ओढून बघायची, हा त्यांचा नेम. "ओढून बघितल्याशिवाय तारेवर विश्वास ठेवू नये," असं त्या म्हणतात. मग चष्म्यावरून बघत, "आणि माणसावर ओढून बघूनही ठेवू नये."

दारात गाडीची एक जुनी सीट मांडलेली असते. तिच्यावर सासूबाई बसतात. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण त्यावाचून त्यांचं बोलणं काही अडत नाही.

तर दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या वडिलांची जुनी गाडी आणली, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांचं नवं घर टेकडीवर. घरातली सगळी मंडळी बसली की गाडी चढावर धापा टाकायची. गाडी बदला, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "दात हलतो म्हणून मी कधी माणूस बदललाय का? आतलं काय ते बदला."

मिस्त्रींनी आतलं बदललं. सिलिंडर आतून रुंद करून मोठे पिस्टन घातले, हेडचं काम केलं, कॅमशाफ्ट बदलला. इंजिनात ताकद आली, पण तिला पुरेल एवढं पेट्रोल जाईना. त्या गाडीत पहिल्या पिढीतलं इंजेक्शन होतं. हवा आत येताना एक झडप ढकलते, झडप किती उघडली त्यावरून एक डबा पेट्रोलचं माप ठरवतो, आणि चारही इंजेक्टर एकदम फवारा मारतात. आता हवा जास्त लागत होती आणि ती झडपच वाटेत आडवी येत होती.

"हे सगळं काढू या," वहिनी म्हणाल्या. "झडप नको. हवेचा दाब मोजणारा सेन्सर लावते, मोठे इंजेक्टर आणि नवा कंट्रोलर. लॅपटॉपवरून माप बसवता येतं. चौघांनी एकदम ओतायचं नाही, ज्याची पाळी त्यानं."

हे सगळं त्या कधीच्या शिकून बसल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून, एका भंगारातल्या इंजिनावर करूनही बघितलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या गाडीचं इंजिन त्यांच्या हाती कधी आलं नव्हतं.

मिस्त्री बराच वेळ स्पॅनर पुसत राहिले. "कर," ते म्हणाले. "पण रविवारी डॉक्टर येतील तेव्हा गाडी नीट चालली पाहिजे. नाही चालली तर मी जुनंच परत बसवणार. मग हा विषय आपल्या गॅरेजात पुन्हा नको."

"पुन्हा म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा नको."

आठवडाभर वहिनींनी घरात भाजीला मीठ कमीजास्त घातलं आणि गॅरेजात एकही तार वाकडी जाऊ दिली नाही. नवा जुडगा त्यांनी जमिनीवर पसरून बांधला. सासूबाई बघत होत्या. "माझ्या स्वेटरला एवढी वीण घातली असतीस तर तो उसवला नसता," त्या म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या स्वेटरला गॅरंटी द्यायची नव्हती."

कुठल्या इंजेक्टरची पाळी कधी, हे कंट्रोलरला कळायला पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर कधी येतो ते सांगावं लागतं. वहिनी डॅशबोर्डखाली आडव्या झाल्या होत्या. मिस्त्रींनी पुढून इंजिन हातानं फिरवलं, पहिल्याचा पिस्टन वर आणून थांबवलं आणि हाक मारली. वहिनींनी लॅपटॉपवर तशी नोंद केली.

शनिवारी गाडी सुरू झाली. पहिल्याच फटक्यात झाली, पण चालेना म्हणावी तशी. उभी असताना हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, पेट्रोलचा वास यायचा, हळूच वेग द्यावा तर अडखळायची. भरधाव सोडली की मात्र ठीक पळायची. वहिनींनी हवा कुठून गळते का बघितलं. सेन्सर बदलून बघितला. जुडग्यातली प्रत्येक तार पुन्हा ओढून बघितली. पेट्रोलचं माप कमी केलं, वाढवलं. हुडहुडी तशीच.

रविवारी दुपारी त्या जेवायला घरात गेल्या नाहीत. मिस्त्री जेवून आले आणि जुनी झडप कापडानं पुसायला लागले. मुद्दाम दाखवायला नव्हे. डॉक्टर संध्याकाळी यायचे होते आणि काम उरकायला वेळ लागला असता.

"आत्ताच?" वहिनींनी विचारलं.

"तू बघ ना अजून. मी फक्त पुसतोय."

"पुसा."

सासूबाई म्हणाल्या, "एवढं चकचकीत करतोयस, लग्न आहे का तिचं?"

मिस्त्री हसले नाहीत, पण झडप खाली ठेवली. हातात दिवा घेऊन ते गाडीजवळ आले. "पहिल्याचा प्लग काढ. काळा पडलाय का बघू."

वहिनींनी प्लग काढला. मिस्त्री दिवा धरून वाकले होते ते दुसऱ्याच टोकाला.

"अगं, पहिल्याचा."

"पहिल्याचाच काढलाय."

वहिनींचा हात पट्ट्याच्या बाजूला, मिस्त्रींचा दिवा गिअरबॉक्सच्या बाजूला. मधे अख्खं इंजिन. दोघं तसेच वाकलेले राहिले.

"या गाड्यांत पहिलं इकडून मोजतात," मिस्त्री हळू म्हणाले. "उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"आणि तुम्ही मला कधी सांगितलंत?"

"तुला ठाऊक असेल असं वाटलं. इतक्या गाड्या केल्या आपण या जातीच्या."

केल्या होत्या. पण त्या सगळ्यांत चारही इंजेक्टर एकदम फवारायचे. कुणाला पहिला म्हणा, कुणाला शेवटचा, काही बिघडत नव्हतं. पहिल्यांदाच प्रत्येकाला आपापली पाळी मिळाली होती, आणि मिस्त्रींचं पहिलं सिलिंडर म्हणजे वहिनींचं चौथं, म्हणून ती इंजिनाच्या पूर्ण एका फेऱ्यानं चुकली होती. सिलिंडरचं दार बंद असताना पेट्रोल दाराशी येऊन ताटकळत होतं. वेगात असताना ताटकळायला वेळच नसायचा, म्हणून तेव्हा गाडी ठीक पळायची.

सासूबाईंना एवढंच समजलं की मुलगा आणि सून वेगवेगळ्या टोकांकडून मोजत होते. "संसार कसा झाला तुमचा?" त्यांनी विचारलं.

"एकदम फवारून," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू आवरेना. मिस्त्रीही दिव्यासकट हसायला लागले.

प्लग जागेवर गेला. वहिनींनी इंजेक्टरचे जोड काढले, पहिल्याचा चौथ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असे उलटे लावले आणि प्रत्येक तार ओढून बघितली. किल्ली मिस्त्रींनी फिरवली. हुडहुडी गेली होती. इंजिनाचा आवाज इतका सारखा येत होता, की सासूबाईंनी विचारलं, "बंद पडली का?"

डॉक्टर आले आणि बायकामुलांना घेऊन टेकडीवर जाऊन आले. उतरले ते हसतच. "मिस्त्री, वडील असते तर त्यांनी मला चालवायलाच दिली नसती," ते म्हणाले. मग बॉनेट उघडून विचारलं, "थंडीत सकाळी सुरू करताना काही वेगळं करायचं का?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वहिनींकडे बोट दाखवलं. "पेट्रोलचं तिला विचारायचं. हे आणि इथून पुढचं सगळंच."

वहिनी चष्मा पुसत होत्या. चष्मा स्वच्छ झाल्यावरही त्या थोडा वेळ पुसतच राहिल्या. मग त्यांनी डॉक्टरांना थंडीतलं समजावून सांगितलं, गाडी थोडी पळाली की माप पुन्हा तपासायला आणा म्हणून बजावलं, आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "आता मला भूक लागली आहे. तुम्ही वाढा."

मिस्त्री हात धुवायला गेले.