लाल हुमणी
शेजारच्या उसातून आज दाणेदार विषाचा उग्र वास आला आणि थोरल्या भावाचा तळहात डोळ्यांपुढे आला. हुमणीची पांढरी अळी आमच्या उसाची मुळं खात होती, तेव्हा त्यानं हुमणी मारणाऱ्या सूत्रकृमींचं पाकीट ओल्या फडक्यात गुंडाळून मांजरसुंब्याहून आणलं आणि ऊन कलल्यावर ते पाण्यात कालवून ओल्या सऱ्यांत सोडलं. चुलते बांधावरून हसले, "अरं, हुमणी कमी पडली म्हणून जंत इकत आणलेस व्हय?" पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच सऱ्यांत विषाचे दाणे टाकले. कुणी सांगितलं नव्हतं, रानही त्यांचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भावानं माती उकरून मेलेली हुमणी तळहातावर धरली. ती विटेसारखी लाल होती. "नाना, इखानं मेलेली अशी लाल व्हत न्हाई. ही जंतांनी मारली." चुलत्यांनी नीट पाहिलंही नाही. "मेली न्हवं? मग माझ्याच औषधानं." गावभर त्यांनी तेच सांगितलं आणि भाऊ जन्मभर 'जंतवाला' राहिला. परवा त्याच्या तेराव्याच्या पंगतीतही ते म्हणाले, "त्याचा ऊस मीच वाचवला." वाढता वाढता मी बादली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाना, ती हुमणी लाल होती."