उसाचं औषध आणि आत्यांची वांगी

लग्न होऊन मी मुरुमजवळच्या त्या गावात आले, तेव्हा माझ्या सासूबाईंच्या नावावर उणापुरा अर्धा एकर होता. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नोकरी कायम झाल्यावर त्यांनी आधी आईच्या नावानं ते रान घेतलं आणि त्यातच दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, तिथं मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले होते. स्वतःच्या मातीत बी टाकायचं म्हणजे काय, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं.

अर्ध्या एकरात ज्वारी घ्यावी असं नवऱ्याचं म्हणणं होतं. आत्यांनी ऐकलं नाही. त्यांनी वाफे पाडले. वांगी, टोमॅटो, घेवडा, कडेनं झेंडू, दाराशी दोडक्याचा मांडव. एका वाफ्यात कांदा आणि बांधाच्या कडेला मक्याची एक ओळ. सकाळी उठल्यावर तोंडही न धुता त्या आधी वाफ्यांतून एक फेरी मारायच्या. वांग्याचं एखादं पान उलटं करून बघायच्या, परत सरळ करून ठेवायच्या. कुणी बाई रस्त्यानं जाताना दिसली की हाक मारून तिच्या ओटीत चार वांगी टाकायच्या. "घरची हायत," म्हणायच्या. "घरची" हा शब्द जरा मोठ्यानं.

पाणी मात्र घरचं नव्हतं. ते शेजारच्या आण्णांच्या विहिरीचं. आण्णांचं रान आमच्या पश्चिमेला, बांधाला बांध लागून. आत्यांनी तिथं कितीतरी वर्षं खुरपणी केली होती. त्या ओळखीवर आण्णांनी तिसऱ्या दिवशी घटकाभर पाट आमच्याकडं सोडायचं कबूल केलं होतं. त्यात मागची दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, विहिरी खोल गेल्या होत्या. तरी त्यांनी पाणी तोडलं नाही. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण माणूस वाईट नव्हता.

साखर कारखाना झाला आणि आण्णांनी ऊस लावला. पहिल्या उसाला आत्या आणि गावातल्या आठ-दहा बाया खुरपायला होत्या. पुढच्या वर्षी आण्णांनी सोसायटीतून तणाचं औषध आणलं. आत्या त्यांना म्हणाल्या होत्या, "आण्णा, औषध कशापायी? आमी हाव की."

"आक्का, दहा बाया आठ दिवस खपत्यात. ह्ये एका दिवसात व्हतंय," आण्णा म्हणाले. ते आत्यांपेक्षा वयानं लहान, पण गावच्या रीतीनं त्यांना 'तू' म्हणायचे. आत्या त्यांना 'तुमी'.

होळीच्या आधीचे दिवस होते. दुपारी मी घेवडा तोडत होते. आत्या मुरुमच्या बाजाराला गेल्या होत्या. उसात दोन माणसं पाठीवर पंप घेऊन फिरत होती. वारा उसाकडून आमच्याकडं होता. उन्हात ते तुषार धुरासारखे उचलले जाताना मला दिसले. दवाखान्यासारखा उग्र वास आला, डोळे चुरचुरले. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण मी नवी सून, माणसं परकी, आणि रान पाणी देणाऱ्याचं. मी पदर नाकाला लावला आणि घरात आले.

दोन-तीन दिवसांनी टोमॅटोचे शेंडे खाली वाकले. आत्यांना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी प्यायच्या पाण्यातलं दोन घागरी पाणी घातलं. मग वांग्याची नवी पानं बारीक, चिंबलेली यायला लागली, कोंबडीच्या पायाच्या बोटांसारखी. घेवड्याचे वेल पिळवटले. झेंडूच्या कळ्या फुटायच्या आत वाकड्या झाल्या. आत्यांनी चुलीतली राख फुंकली. कडुनिंबाचा पाला उकळून शिंपडला. पान न् पान उलटं करून किडा शोधला. किडा नव्हताच. एका संध्याकाळी त्या वाफ्यातच बसून राहिल्या.

"आपल्याला रान लाभत न्हाय गं," त्या म्हणाल्या. "आपल्या हातात दुसऱ्याचंच पीक येतंय."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वाफे डोळ्यांपुढं आणले तेव्हा ध्यानात आलं की कांद्याला काही झालेलं नव्हतं. मका उसाला लागून, सगळ्यांत जवळ. तो हिरवागार होता. अरुंद पानाचं तेवढं वाचलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं. त्यांनी सोसायटीत जाऊन डब्यावरचा कागद वाचला. रुंद पानाचं तण मारतं, वारा असताना फवारू नये, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"मग आण्णांना बोला की," मी म्हटलं.

"बोलून काय? उद्या पाट बंद झाला तर?" ते म्हणाले. "आईला सांगू नकोस."

मी चार दिवस गप्प राहिले. पण आत्या रोज स्वतःला बोल लावत होत्या, ते बघवेना. पाचव्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. औषध, वारा, आणि मी बघत उभी होते तेही.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू वरडली असतीस तर त्येंनी पंप थांबवला असता का?"

"ठाऊक न्हाई, आत्या."

"मलाबी ठावं न्हाय," त्या म्हणाल्या. मग उठल्या, वांग्याचं एक झाड मुळासकट उपटलं आणि तसंच हातात धरून आण्णांच्या वाड्यावर निघाल्या. मी मागं.

आण्णा ओसरीत बसले होते. आत्यांनी झाड खाली, अंगणात ठेवलं. "ह्ये बघा आण्णा. तुमचं औषध माझ्या वाफ्यात आलं."

आण्णांनी झाड उचललं, पान ताणून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. "आक्का, म्या मुद्दाम न्हाय केलं. वाऱ्याला कोण काय करंल? उद्यापासनं बाजाराची भाजी तुझ्या घरी पोचती करतो."

"भाजीसाठी न्हाय आले म्या."

"मग काय पायजे सांग."

आत्यांना सांगता येईना. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बांधावर यिऊन आधी सांगायचं व्हतं. म्या लुगडी टाकली असती झाडांवर."

आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी सगळं उपटलं. मला हात लावू दिला नाही. दोडक्याचा मांडव सोडवताना मात्र त्या मोठ्यानं रडल्या. त्यांना तसं रडताना मी आधी बघितलं नव्हतं आणि पुढं इतक्या वर्षांतही नाही. शेळीला घालायची भीती, म्हणून खड्डा करून सगळं पुरलं.

तिसऱ्या प्रहरी पाटाला पाणी आलं. आमची पाळी नव्हती. आण्णांनीच सोडलं होतं. त्या टंचाईत पाणी धो धो आलं आणि रिकाम्या वाफ्यांत भरून उभं राहिलं. आत्या दारातून बघत होत्या. मग फावडं घेऊन गेल्या आणि स्वतः माती ओढून पाट बंद करून आल्या.

पुढल्या वर्षी आण्णांनी औषध मारायच्या आदल्या दिवशी माणूस पाठवून निरोप दिला. वारा पडल्यावर सकाळीच फवारलं. मी वांग्याचं बी आणलं होतं. आत्यांनी ते हातात घेतलं नाही. त्या खुरपं घेऊन लांबच्या रानात रोजानं जायला लागल्या होत्या. पायाला गोळे यायचे, नवरा त्यांच्या हातापाया पडायचा. "आई, मास्तराची आई रोजानं जाती, लोक काय म्हणतील?"

एकदा मीही विचारलं, "आत्या, एवढं घरचं रान असताना कशाला हो जाता?"

त्या चुलीपुढं तळपाय शेकत बसल्या होत्या. "तिथलं पीक जळालं तरी वाईट वाटत न्हाय बाई," म्हणाल्या, आणि दुसरा पाय पुढं केला.

अजून दोन सुगी त्या रोजानं गेल्या. मग गुडघे धरले. आम्ही त्या अर्ध्या एकरात ज्वारी पेरली.