आरएनएचे दोन पट्टे

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी बालवाडीत होते. पुढे ते एका टॉवरखाली वॉचमन झाले आणि आई ऑफिसवाल्यांचे डबे करू लागली. डिलाईल रोडच्या आमच्या एका खोलीत पहाटेपासून गॅस पेटलेला. चपात्या लाटूनच मी कॉलेजला जायचे. एम.एस्सी.ला गेले तरी त्यात फरक पडला नाही. याचं कौतुक नको. दमायला व्हायचं, एवढंच सांगते.

प्रोजेक्टसाठी मला जिवाणूंच्या पेशींतून आरएनए काढायचा होता. या पेशीला केंद्रक नसतं. डीएनए मोकळाच पडलेला आणि आजूबाजूला प्रथिनं बनवणारे हजारो रायबोसोम. पेशीतला बहुतेक आरएनए या रायबोसोममध्येच असतो. तो नीट निघाला तर विजेच्या प्रवाहाने रेणू लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर दोन ठळक पट्टे दिसतात. माझ्या जेलवर दर वेळी वरून खालपर्यंत नुसता पुसट ओघळ. म्हणजे आरएनएचे तुकडे झालेले. पट्टे नाहीत तर प्रोजेक्ट नाही, आणि घरी आणखी एक वर्ष मागायला मला तोंड नव्हतं.

"आज तरी गावला काय गो ता?" आई विचारायची.

"नाही."

"जरा डोळ्यांक दिसात असा कायतरी घेवचा होता!"

एकदा माझ्या प्रोजेक्टच्या गाइड मॅडम प्रयोगशाळेतल्या सिंकपाशी थांबल्या. तिथे माझे ग्लोव्हज वाळत होते. आमच्याकडे दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळत घालतात. एकदाच वापरलेली वस्तू फेकायला हात धजत नव्हता.

"हे कुणाचे?"

"माझे, मॅडम. साबणाने धुतलेत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, धुतेस काय! आपल्या कातडीवर आरएनए तोडणारं एन्झाइम असतं, नळाच्या पाण्यातही असू शकतं. डीएनए टिकेल, हा नाही टिकत. एकदा वापर आणि फेक."

शेजारी उभा असलेला वर्गमित्र हसला. "काय गं, कागदाचे कप पण धुतेस का?"

"धुते. तुझं काय जातंय?"

पुन्हा जिवाणू वाढवले, पुन्हा पेशी फोडल्या. दर खेपेला नवी जोडी. फेकताना अजून जिवावर यायचं. शेवटी एका दुपारी यूव्हीच्या उजेडात जेल ठेवला आणि दोन पट्टे दिसले, सरळ, स्वच्छ. उडीबिडी मारली नाही. पाय इतके दुखत होते की स्टुलावर बसूनच राहिले.

मॅडमनी प्रोजेक्टवर सही केली. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले.