रकान्यात नसलेलं माहेर

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण खाडीच्या बांधावर पकडलेल्या त्या मास्तरांचा चेहरा अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो. पेण आणि रोह्याच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. अंगात वर्दीची गुर्मी होती. ती दुसऱ्याला भोगावी लागली, म्हणून हे लिहितो.

कोजागरीनंतरचे दिवस. सकाळची हजेरी चालू असताना खाडीकाठच्या गावातली सात-आठ माणसं एका परक्या माणसाला दंडाला धरून घेऊन आली. उधाणाच्या भरतीने उघाडीपाशी बांधाला खांड जाऊन भगदाड पडलं होतं आणि कापणीला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं होतं. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला तिची लाकडी झडप उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने ती मिटते.

"सायब, ह्योच तो," पुढे झालेला इसम म्हणाला. त्या वर्षी उघाडीवर मासे धरायचा हक्क गावाने त्याला दिला होता. "काल दिसभर बांधावर फिरत व्हता. उघाडीचे फोटू काढीत व्हता. कंपनीचा माणूस हाय. जमीन खारी करायची, न् मंग मातीमोलानं घ्यायची!"

संशय अगदीच हवेतला नव्हता. जमिनीच्या दलालांच्या जीपगाड्या त्या भागात फिरू लागल्या होत्या. मी त्या माणसाला समोर बसवला आणि कागद ओढला. नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार. तो घाटावरच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होता. चार दिवसांची रजा काढून एसटीने खाडीकाठ फिरत होता.

"फोटो कशासाठी?"

"आईला दाखवायचेत. तिचे डोळे जात चाललेत, साहेब. डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. तिचं—"

"आई कुणाची आजारी नसते?" आमचे हवालदार हसले. "कालच्या पाकीटमाराची पण होती."

मास्तर पुन्हा काही बोलू लागले. मी टेबलावर हात आपटला. "विचारलं तेवढंच सांगा!"

त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. हवालदारांनी कॅमेरा उचलून मागचं झाकण उघडायला बोट घातलं, तेव्हा मात्र हा मऊ माणूस किंचाळला, "उजेड लागेल! सगळं जाईल!" माझ्या पायांशी वाकला. मला खरंच लाज वाटली. मी कॅमेरा काढून घेतला आणि शिपायाबरोबर पेणच्या एका स्टुडिओत पाठवला.

त्यांना मी ठाण्यात बसवून ठेवलं. अटकेची नोंद नाही, सुटका नाही. 'बसवून ठेवणे' हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही, पण गरीब माणसाला तो पाठ असतो. ज्याच्यासाठी फोन येतो त्याला आपण खुर्ची देतो. मास्तरांसाठी फोन येणार नव्हता, म्हणून त्यांना बाकडं मिळालं. मी हे केलं. हाताखालच्यांवर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आले. मी ते टेबलावर मांडले. खाडीच्या गाळात रुतलेली होडी, तिवरांची रांग, मिठाच्या ढिगांवरचं ऊन, बांधावरून जाणारी एकटी वाट. कुठेही माणूस नाही. हे फोटो जमीन हेरणाऱ्याचे नव्हते, एवढं मलाही कळलं. पण बांध कुणी फोडला, ते त्यांत मला दिसेना.

त्या वेळी नुकसानीचा जबाब द्यायला गावातली एक म्हातारी आली होती. जन्म मिठागरात आणि खारजमिनीत गेलेला. तक्रारदार, म्हणजे उघाडीवर मासे धरणारा, तिचा पुतण्या. तोही दारात उभा होता. म्हातारी जबाब सोडून फोटोंवर वाकली.

"अगो बाय! ही झडप तं वर बांधलेली हाय!"

मी फोटो हातात घेतला. झडप वर उचलून खुंट्याला दोरीने आवळलेली होती. मास्तरांना विचारलं. "परवा संध्याकाळी काढला. ओहोटी होती," ते म्हणाले.

म्हातारी पुतण्याकडे वळली. "दोरी कोनाची रं? तुज्या जाल्याचीच ना? जिताडा आत घ्याला झडप बांधलीस, न् उधान इसरलास?"

"नाय काकी, मी..."

"जावई यायचा व्हता ना तुजा! जावयाला जिताडा, न् आमाला खारा पानी?"

त्याने कबूल केलं. जिताड्यासारखा मोठा मासा भरतीबरोबर आत यावा म्हणून बांधलेली झडप मिटली नाही, पाणी आत घुसलं आणि त्याच्या ओढीने बाजूचा बांध गेला. सकाळी गाव जमला तेव्हा भीतीपोटी त्याने परक्याकडे बोट दाखवलं. गावकरी मिटवा म्हणाले. मी खोटी खबर दिल्याचा गुन्हा नोंदवला. आदल्या दिवशी परक्यासाठी जो कडक कायदा होता, तोच आज गाववाल्यासाठी असायला हवा होता.

म्हातारी मात्र मास्तरांकडेच बघत होती. "तू कोनाचा रं, पोरा? हतं कशाला आलास?"

मास्तरांनी आईचं माहेरचं नाव सांगितलं. तिचा भाऊ गेला, घर पडलं. गावात आता ओळखणारं कुणी नाही म्हणून ते गावात न शिरता बांधावरूनच फिरले होते.

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. "आरं, ती न् मी एका टोपलीत मीठ वायलंय! गावचा भाचा हाय ह्यो! भाच्याला चौकीत बसवलाव रं!"

माणसं जागच्या जागी खाली बघू लागली. आमच्याकडे लेकीचा मुलगा सगळ्या गावाचा भाचा. त्याला उपाशी धाडत नाहीत, तिथे आम्ही त्याला चोर ठरवला होता. मीही मान वर केली नाही. आदल्या दिवशी मास्तर हेच सांगायला निघाले होते.

फोटो आणि निगेटिव्ह मुद्देमालात गेले. दुसरा संच मी मास्तरांसाठी काढून घेतला आणि पंचनाम्यात तसं लिहिलं. मास्तरांना पोचवायला अर्धा गाव स्टँडवर आला. म्हातारीने फडक्यात मूठभर मीठ बांधून दिलं.

त्यानंतर मी कुणाचाही जबाब घेताना समोरच्याचं बोलणं तोडलं नाही. आमच्या कागदावर बापाच्या नावाला रकाना आहे, आईच्या गावाला नाही. मी मात्र विचारत आलो, "आईचं माहेर कुठलं?" हवालदार चेष्टा करत, करोत. त्या प्रश्नाने कितीतरी दांडगे आरोपीही मऊ झाले. एवढं जुनं, एवढं हक्काचं दुःख सांगायला त्यांना कुणी जागाच दिली नव्हती.

महिन्याभराने मास्तरांचं पत्र आलं. ठाण्यातल्या दोन दिवसांबद्दल त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी लिहिलं होतं, की आईने एकेक फोटो डोळ्यांशी नेऊन पाहिला, उजेडाकडे धरला, पण तिला काहीच नीट दिसेना. मग त्यांनी फडकं सोडलं. तिने मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि ती म्हणाली, "ऱ्हावं दे ते फोटू. आता दिसतंय मला."