श्रावणातला बोंबील

रोह्याला ताईकडे गेलो की मी आधी कुत्रीचं पाण्याचं भांडं बघायचो. लिटरभराचं भांडं. पूर्वी ते दिवसभर पुरायचं, मग दुपारीच रिकामं होऊ लागलं, आणि गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझा चहा संपेपर्यंत ताईने ते दोनदा भरलं. मी पेणला पोह्यांच्या गिरणीत वजनं बघतो. कशाचंही माप वाढलं की ते का वाढलं हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"उन्हाळा हाय, पाणी पिणारच," ताई म्हणाली.

"आणि पोट?"

"खाते चांगली. तुला कुणाचं अंग भरलेलं बघवत नाय."

पोट लोंबत होतं आणि पाय काटक्या झाले होते. याला अंग भरणं म्हणत नाहीत.

ही कुत्री भावोजींनी धाटावला कंपनीच्या गेटवरून आणलेली, पिल्लू असताना. भावोजी गेले, भाची लग्न होऊन लांब गेली. आता घरात ताईला बोलायला ती एकटीच. कुत्रीच्या अंगाला खाज सुटली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या होत्या. थोडेच दिवस द्यायच्या, हळूहळू कमी करायच्या. पण गोळ्या संपल्या की खाज परत यायची, म्हणून ताई मेडिकलमधून तीच पट्टी आणत राहिली. वर्ष होत आलं होतं. भाजलेल्या सुक्या बोंबलाच्या तुकड्यात ती गोळी दडवायची. दुसऱ्या कशात दिली तर कुत्री बाकीचं गिळून गोळी तेवढी थुंकायची, आणि हाताने घशात घालायला गेलं की चावायची.

मग श्रावण लागला. ताईकडे श्रावणापासून गणपती जाईपर्यंत घरात मासळी शिरत नाही. मासळीचा तवासुद्धा माळ्यावर जातो. बोंबील बंद झाला आणि त्याच्याबरोबर गोळीही.

फोनवर ताई हसत होती. "शेजारीण म्हणते, तुझी कुत्री पण श्रावण पाळते गो. दहीभाताला तोंड नाय लावत. आणि शहाणी झालेय बघ. पोस्टमन आला तरी उठत नाय."

ते 'शहाणी' मला खटकलं. दहीहंडीच्या सुट्टीला मी सकाळीच रोहा गाठला.

कुत्री दारात पडली होती. मला बघून शेपटी हलली, अंग हललं नाही. दुपारी नाक्यावर डीजे सुरू झाला, फटाक्यांची माळ लागली. एरवी ती पळत कॉटखाली शिरायची. त्या दिवशी कशीबशी उठली, थोडी चालली, ओकली आणि आडवी झाली. मी तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. पाय गार लागत होते.

"उठ गो. उठ ना," ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आम्ही रिक्षात बसलो तेव्हाही डीजे चालूच होता.

डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं, मग विचारलं, "गोळी बंद केलीत का?"

"श्रावण हाय ना," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी सलाईनचा वेग जरा वाढवला. मग म्हणाले, "भीती, आजार, कसलाही ताण आला की शरीर एक संप्रेरक सोडतं. त्याच्या जोरावर ते तग धरतं. मेंदूने हुकूम दिला की मूत्रपिंडाजवळच्या दोन छोट्या ग्रंथी ते बनवतात. तुम्ही त्याच जातीचं औषध रोज बाहेरून देत होता. ती तहान, ते लोंबतं पोट त्याचंच. मग मेंदूने हुकूम देणं सोडलं, ग्रंथी सुकत गेल्या. आज अंगाने मागितलं, तर आत काही नव्हतं."

"म्हणजे मी दिली म्हणून की बंद केली म्हणून?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले.

कुत्री वाचली. गणपती जाईपर्यंत रोज दवाखान्यात सुई, मग बोंबलातून गोळी पुन्हा सुरू झाली, या वेळी डॉक्टरांच्या मापाने. दिवाळीआधी ती कमी केली, आणि पहिल्याच फटाक्यांना कुत्री पुन्हा अंग टाकून बसली. पुन्हा वाढवली. ग्रंथी जाग्या होतील का, असं मी विचारलं. "होतील कदाचित," डॉक्टर म्हणाले. "पण घाई केलीत तर कळायच्या आत जाईल."

यंदा दहीहंडीच्या आदल्या दिवशीच मी ताईकडे पोचलो. ती परसात होती. तीन विटा मांडून, नाकाला पदर लावून, निखाऱ्यावर बोंबील भाजत होती. साठीच्या पुढच्या माझ्या बहिणीने श्रावणात मासळीला हात लावलेला मी प्रथमच बघत होतो.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "काय गो, वास कसला? श्रावण सोडलास?"

"मी नाय," ताई म्हणाली. "हिने सोडलाय."

कुत्रीने गोळीसकट तुकडा गिळला आणि ती विटांजवळ शांत बसून राहिली. तिला आता कुणी शहाणी म्हणत नाही. ताई तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बसली होती. नाक्यावर हंडीचा दोर बांधून झाला होता, डीजेच्या स्पीकरचे पेटारे उतरवून एकावर एक रचत होते. उद्यासाठी गोळी वाढवून द्यायची. किती, ते डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी ते दोनदा विचारून घेतलं. पण ते माप साध्या भीतीचं आहे. डीजे किती मोठा वाजणार, हे त्यांना कुठून माहीत असणार?