आभाळ आलं की सुटणाऱ्या म्हशी

आरोपीची वाट बघत गव्हाणीत लपून बसलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या कपाळावरून म्हैस जीभ फिरवते, तेव्हा कसं वाटतं ते मी आजही शपथेवर सांगू शकतो. पॉलिशपेपरने घासल्यासारखं वाटतं. खून-दरोड्याचे तपास मी पुष्कळ केले, पण स्वेच्छानिवृत्तीनंतर कुणी किस्सा विचारला की तोंडी पहिली हीच केस येते. माणसांची नावं सांगणार नाही. म्हशीचं सांगायला हरकत नाही. तिचं नाव राणी.

कुरुंदवाडच्या बाजूचं, नदीकाठचं गाव. आमच्या भागात गाव केवढंही असो, दूध डेअऱ्या दोन असतात, एक वरची आणि एक खालची, आणि निम्मं गाव उरलेल्या निम्म्याशी बोलत नाही. वळवाच्या दिवसांत वरच्या डेअरीचे चेअरमन तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आले. भर दुपारी, माणसं शेतात असताना, कुणीतरी त्यांच्या सभासदांच्या म्हशी सोडून देत होतं. एक म्हैस उसात घुसली होती, एकीने लग्नाच्या मांडवाचे केळीचे खुंट खाल्ले होते. संशय खालच्या डेअरीवर. त्यांची सही वाळते न वाळते तोच खालच्या डेअरीचे चेअरमन आत आले. त्यांच्याही म्हशी सुटल्या होत्या, आणि त्यांचा संशय वरच्या डेअरीवर. ठाण्यात धड खुर्ची एकच होती. ती मी दोघांनाही दिली नाही, स्वतःच बसून राहिलो. त्या गावात शांतता राखायचं काम तिथपासून माझ्या गळ्यात पडलं.

गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशी करायची म्हणून दोन्ही गटांची उनाड पोरं बोलावली. विरोधकांची पोस्टरं फाडणं, पाण्याच्या मोटारीचा फ्यूज काढून नेणं, असं सगळं त्यांनी न विचारता कबूल केलं. म्हशींचं मात्र कुणी अंगावर घेईना. एक जण तर दुखावला.

"सायेब, आमी केलं असतं तर फ्लेक्स लावला असता की," तो म्हणाला.

मला ते पटलं. शिवाय पंचनाम्यात दिसलं की दावी कापलेली नव्हती. गाठ नीट सोडवून, दाव्याचं वेटोळं करून ते खुंटीवर टांगलेलं. चोर म्हैस नेतो, वैरी दावं कापतो. इतकी शिस्त दोघांनाही नसते. मग आमच्या खबऱ्याचा, म्हणजे गावातल्या चहावाल्याचा, फोन आला. त्याच्या हे ध्यानात आलं होतं की म्हशी फक्त ढगाळ दुपारी सुटतात. "आभाळ आलंय. आज सुटत्यात बघा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मी आणि आमचे हवालदार लुंगी-बंडीत वरच्या चेअरमनच्या गोठ्यात गेलो; त्यांची राणी अजून सुटायची राहिली होती. हवालदारांचं शरीर भरदार, त्यामुळे वैरणीच्या ढिगामागची मोठी जागा त्यांना गेली आणि गव्हाण माझ्या वाट्याला आली. राणीचं माझं कपाळ चाटून झालं आणि ती कानाकडे वळली, तेव्हा दारात पावलं वाजली. नऊ-दहा वर्षांची मुलगी, पाठीला शाळेचं दप्तर. शाळेला तर सुट्टी होती. तिने राणीच्या मानेवरून हात फिरवला, झरझर गाठ सोडली आणि हळूच म्हणाली, "पळ बाई. माळाला पळ. पाणी यायलंय."

तेवढ्यात वैरणीची धूळ नाकात जाऊन हवालदार शिंकले.

पोरगी दचकली, पण पळाली नाही. तिने मला नखशिखांत पाहिलं. "पावणं, गव्हाणीत काय करतायसा?"

म्हैस विकत घ्यायला आलोय, असं मी सांगितलं.

"मग गव्हाणीत बसून बघत्यात व्हय? आनि ते जाडे पावणं वैरणीत काय हुडकाय लागल्यात?"

पोलिसाला इतक्या अडचणीचे प्रश्न न्यायालयातही कुणी विचारले नसतील. लहान मुलांशी गणवेशात बोलायचं नसतं. ती अट लुंगीमुळे आपोआप पुरी झाली होती. पालक समोर हवेत म्हणून हवालदारांनी तिच्या आईला बोलावून आणलं आणि आम्ही सगळे कट्ट्यावर बसलो. मी कोण हे खरं सांगितल्यावर पोरीचा चेहरा उतरला. मग दप्तर मांडीवर घेऊन तिने सांगितलं.

दोन पावसाळ्यांमागे महापुरात त्यांच्या दाराशी बोट आली. वडील आपल्या म्हाताऱ्या आईला उचलून बोटीत ठेवत होते. ते पोरीला ओरडले की जा, लाडीला सोड. लाडी त्यांची म्हैस. दाव्याची निरगाठ पाण्याने फुगली होती, सुटेना. कुणीतरी पोरीला बखोटीला धरून बोटीत घातलं. म्हैस बांधलेलीच राहिली, हे तिने कुणाला सांगितलं नाही. पाणी उतरल्यावर वडिलांनी खुंट्याला तसंच बांधलेलं दावं पाहिलं. तेही काही बोलले नाहीत. त्या घरात लाडीचं नावच निघेनासं झालं. आई सांगत होती, तेव्हापासून आभाळ आलं की ही जेवत नाही, पळायच्या तयारीत दप्तर पाठीला लावून दारात बसते.

तपास लागला होता, आणि माझी पंचाईत झाली होती. चेअरमनना नाव सांगितलं तर ती जन्मभर त्या गावात म्हशी सोडणारी पोर म्हणून ओळखली जाणार. न सांगावं, तर पावसाळा तोंडावर आलेला.

महापुरानंतर एक समुपदेशक ताई दर आठवड्याला गावातल्या आशा सेविकेबरोबर समाजमंदिरात बसायच्या. त्यांच्यासमोरची सतरंजी कायम रिकामी असे, कारण आमच्या घरात कुणी येडं न्हाय, असं प्रत्येक घराचं म्हणणं होतं. मी त्यांना गाठलं. पोरीला शहरात मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ का, असं विचारलं. गरज पडली तर नेऊ, त्या म्हणाल्या, पण पूर एकट्या पोरीच्या घरात शिरला नव्हता. मग त्यांनी विचारलं की गाव रोज एका ठिकाणी कुठं जमतं. मी म्हटलं, डेअरीत, दूध घालायला.

तेव्हा मी वर्दीचा उपयोग केला. पुढची चौकशी संध्याकाळी दूध संकलनाच्या वेळी वरच्या डेअरीत होईल, दोन्ही चेअरमननी सभासदांसह हजर राहावं, असा निरोप धाडला. खालची मंडळी त्या पायऱ्या कित्येक वर्षांत चढली नव्हती. आरोपी कोण हे ऐकायला सगळी आली, किटल्या हातात घेऊन. पोरगी आई-वडिलांमध्ये उभी होती. ताईंनी आरोपीचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं, आभाळ आलं की तुम्ही काय करता?

दुधाचं फॅट मोजणारं मशीन कुणीतरी बंद केलं. मग वरचे चेअरमन, ज्यांच्या मिशीला अख्खं गाव वचकून असे, खाकरून म्हणाले, "मी टीव्हीचा आवाज वाढवतो. गडगड ऐकू येऊ न्हाय म्हणून."

"तरीच तुमच्या मालिका आमाला पाठ हायत," खालचे चेअरमन म्हणाले, आणि सगळे हसले. हसता हसता एकेक जण बोलू लागला. कुणी कागदपत्रांची पिशवी उशाला घेत होतं, कुणी रोज नदीच्या घाटावर जाऊन पायरी बघून येत होतं. शेवटी पोरीचा बाप बोलला. लोकांकडे न बघता, पोरीकडे बघून.

"दावं सोडायचं काम माझं हुतं. मी ते पोरीवर टाकलं. तिची काय चूक न्हाय."

पोरगी त्याच्या कमरेला बिलगली आणि मोठ्याने रडली. आरोपी कोण हे मग कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. राणीचे मालक, म्हणजे वरचे चेअरमन, उठले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्ज द्या माझा परत."

सगळं एका संध्याकाळात बरं झालं असं मी म्हणणार नाही. ताईंची सतरंजी समाजमंदिरातून डेअरीच्या ओसरीवर आली, एक आठवडा वरच्या आणि एक आठवडा खालच्या. मोठी माणसं बोलायची, पोरं चित्रं काढायची. पोरगी आणि तिचे आई-वडील तिघं मिळून बसायचे. तिथंच एकदा पोरगी म्हणाली की सगळ्यांनी निरगाठ सोडून सुरगाठ मारा, एका ओढीत सुटती.

गावाने ते मनावर घेतलं, आणि पूर आला तर म्हशी माळावर न्यायची रंगीत तालीम ठरवली. दिवाळीच्या पाडव्याला सजवतात तशा म्हशी सजल्या, हलगी लागली. पोरीने शिट्टी फुंकली, सगळ्या सुरगाठी सुटल्या, आणि मालक मोटारसायकलवर पुढे, म्हशी त्यांच्या मागे, असं गाव माळावर पोचलं. कुठल्या डेअरीची म्हैस पहिली, याचा निकाल मी द्यायचा होता. नोकरीतला सगळ्यात धोक्याचा बंदोबस्त तोच. मी डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं. त्या पावसाळ्यात पाणी वेशीपर्यंत आलं. म्हशी आदल्या दिवशीच माळावर होत्या.

त्यानंतर कसलीही तक्रार आली की मी आधी विचारायचो, हे घडलं त्या दिवशी आभाळ होतं का. नवे शिपाई एकमेकांकडे बघायचे. कुणी केलं एवढंच शोधलं असतं, तर माझा तपास त्या गोठ्यातच संपला असता.

पुढच्या वळवात मी त्या गावी गेलो. पोरीच्या घरी नवी म्हैस आली होती. पोरगी दावं बांधत होती. सुरगाठ मारली, ओढून पाहिली, सुटली. पुन्हा मारली. मग मला बघून म्हणाली, "पावणं, आज गव्हाणीत न्हाय बसायचं?"

वर चांगलंच भरून आलं होतं. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं, दप्तर घरात टाकलं आणि खेळायला गेली.